मधुमेहात डोळ्याचा पडदा आणि पायाच्या नसा वर्षातून एकदा कशा तपासाव्यात

डोळ्याचा पडदा दुखत नाही, म्हणूनच तो तपासायचा राहून जातो. साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की पडद्यातल्या केशवाहिन्यांच्या भिंती कमकुवत होतात, त्यांना बारीक फुगे येतात आणि त्यांतून पाणी व रक्त पाझरतं. काही वाहिन्या बुजतात. मग प्राणवायू कमी पडलेल्या भागात नव्या वाहिन्या फुटतात, पण त्या इतक्या नाजूक असतात की त्यांतून डोळ्यात रक्तस्राव होतो. तोपर्यंत पेपर बिनचष्म्याने वाचता येत असेल, तरी त्यावर विसंबू नका.

१. टाइप २ मधुमेह असेल तर निदान होताच, टाइप १ असेल तर ५ वर्षांच्या आत पहिली तपासणी करा. पुढे दरवर्षी, किंवा डॉक्टर सांगतील तशी. आधीपासून मधुमेह असताना दिवस गेले, तर पहिल्या तीन महिन्यांतच.

२. नेत्रतज्ज्ञांना “पडदा तपासायचा आहे” असं स्पष्ट सांगा. चष्म्याचा नंबर काढणं ही वेगळी तपासणी. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर अर्धा तास थांबावं लागतं आणि पुढे काही तास धूसर दिसतं. गाडी चालवू नका, सोबत कुणाला तरी न्या, गॉगल ठेवा. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) आणि रक्तदाबाचे आकडेही न्या. साखर फार झपाट्याने खाली आणली तर पडद्याचा आजार काही काळ बळावू शकतो, म्हणून नवं औषध सुरू करण्याआधी तपासणी झालेली बरी.

३. आता पाय. नसांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्याही अशाच खराब होतात. सर्वांत लांब नसा पावलांत पोचतात, म्हणून बधिरपणा बोटांपासून सुरू होतो. डोळे मिटून बसा. घरातल्या कुणीतरी दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला बोटाने एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करावा. दाबू नये, नाहीतर दाब कळतो आणि चाचणी फसते. ६ पैकी २ किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर डॉक्टरांकडून मोनोफिलामेंट चाचणी (बारीक नायलॉनचा धागा पावलाला टेकवून स्पर्श कळतो का ते पाहणं) करून घ्या. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी१२ जीवनसत्त्वही तपासा; त्याच्या कमतरतेनेही अशाच मुंग्या येतात.

बधिर पायाने उन्हात तापलेल्या देवळाच्या फरशीवर अनवाणी चालू नका. पाण्याचा गरमपणा कोपराने पाहा. तळवे रोज आरशात बघा.

अचानक काळे ठिपके किंवा जाळं दिसलं, किंवा नजरेसमोर सावली आली, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा.