जॉबवर्क बाहेर द्यायचं की माणूस ठेवायचा? हिशोब असा काढा

भोसरी, चाकणला छोटं युनिट चालवणारे बरेच जण काय करतात, बाहेरचा जॉबवाला (आपला माल घेऊन त्याच्या मशीनवर काम करून देणारा) नगाला किती घेतो आणि आपला ऑपरेटर महिन्याला किती पडतो याचा भागाकार मारतात, स्वस्त ते घेतात. हा हिशोब अर्धाच आहे.

आधी माणसाचा पूर्ण खर्च लिहा. बेसिक १५,००० धरलं तर मालकाचा पीएफ १२ टक्के म्हणजे १,८०० (२० माणसं झाली की कंपल्सरी), ईएसआय (कामगार विमा) ३.२५ टक्के म्हणजे ४८८ च्या आसपास, वर बोनस, ग्रॅच्युइटी, भरपगारी सुट्ट्या. ऑर्डर नसली तरी पगार चालूच.

आता बाहेरचा. रेट दिसतो, पण टेंपोचे फेरे, मटेरियल मोजून देणं-घेणं, आलेला माल गेज (माप तपासायचं साधन) लावून बघणं, रिजेक्शन कोणाचं यावरून भांडण आणि "उद्या देतो साहेब" ऐकत दिवसाला चार फोन, हे कुठल्याच बिलात येत नाही. रोनाल्ड कोस या अर्थतज्ज्ञाने १९३७ मध्ये हेच मांडलं होतं, की बाजारातून काम करून घ्यायलाही खर्च येतो आणि तो वाचतो म्हणूनच कंपन्या माणसं आत ठेवतात. १९९१ ला नोबेल मिळालं त्यांना.

म्हणून महिनाभर वही ठेवा, प्रत्येक फेरा, फोन, रिजेक्ट नग लिहा, मग ठरवा.

प्लेटिंग (पार्टवर धातूचा मुलामा), हीट ट्रीटमेंट (भट्टीत तापवून पार्ट कडक करणं) बिनधास्त बाहेर द्या, भट्टी भरेल एवढा लोड आपल्याकडे नसतो आणि प्लेटिंगच्या सांडपाण्याची जबाबदारी छोट्या शेडला झेपत नाही. दोन महिन्यांची जादा ऑर्डर आली तरी बाहेरच. पण जो पार्ट रोज चालतो आणि ज्याच्या सेटिंगमध्येच खरी खुबी आहे तिथे आपलाच माणूस हवा, कारण ती खुबी एकदा बाहेर गेली की उद्या रेट समोरचा ठरवणार आणि तुम्ही गप्प बसून देणार.

एक मात्र करू नका, रोज तुमच्याच मशीनवर तुमच्याच सुपरवायझरखाली उभ्या असलेल्या पोराला पीएफ वाचवायला कागदावर कॉन्ट्रॅक्टरचा दाखवणं. ठेकेदाराने पीएफ भरला नाही तर वसुली मूळ मालकाकडूनच होते, आणि त्या पोराचं नुकसान होतं ते वेगळंच.

जॉबवर्कचा माल डिलिव्हरी चलानशिवाय गेटबाहेर सोडू नका, कच्चा माल १ वर्षात परत आला नाही तर जीएसटी बसतो. जॉबवाला उद्यमला (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) रजिस्टर्ड असेल तर लेखी करार असताना जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्या, त्यालाही त्याच्या माणसांचे पगार करायचे असतात.