अनोळखी जंगलात हरणाचा माग काढताना या चुका टाळा

अमेरिकेत सार्वजनिक जमिनीवर हरणाची शिकार करण्याचा परवाना मिळवणे फारसे अवघड नाही. पूर्वी कधी पाय न ठेवलेल्या हजारो एकरांत नेमके कोठे बसावे, हे ठरवणे मात्र अवघड असते. नॅशनल फॉरेस्टची जमीन सुमारे १९.३ कोटी एकर आणि ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्रीय जमीन-व्यवस्थापन खात्याकडील जमीन सुमारे २४.५ कोटी एकर असल्याने जागेचा तुटवडा नाही. तरीही नव्या भागात गेलेल्यांपैकी अनेकांचा हंगाम कोरडा जातो आणि मग तेथे हरणेच नव्हती, असे कारण पुढे केले जाते. माझ्या मते ते क्वचितच खरे असते. खुणा बहुतेकांना सापडतात, पण त्या किती जुन्या आहेत आणि दिवसाच्या कोणत्या वेळी उमटल्या, हा प्रश्न विचारला जात नाही. पुढे सांगितलेल्या बऱ्याचशा चुका याच दुर्लक्षातून होतात. येथील वर्णन प्रामुख्याने व्हाइटटेल, म्हणजे पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे आहे.

हद्द गृहीत धरणे

मोबाइलवरील नकाशात दिसणारी हद्दीची रेषा उपयोगी असली, तरी तिच्यावर पावलापावलाचा भरवसा ठेवू नये, कारण ती प्रत्यक्ष हद्दीपासून काही मीटर सरकलेली असू शकते. जमिनीवरील खुणाही वाचता आल्या पाहिजेत. टेक्सास, मिसुरी यांसारख्या राज्यांत झाडावरील जांभळ्या रंगाच्या पट्ट्याला प्रवेशबंदीच्या पाटीइतकाच कायदेशीर अर्थ आहे, हे नवख्याला ठाऊक नसते. पश्चिमेकडील राज्यांत १८६२ च्या पॅसिफिक रेल्वे कायद्यापासून सुरू झालेल्या जमीनवाटपामुळे खासगी आणि सरकारी तुकडे एकाआड एक आले आहेत आणि काही सरकारी तुकडे एकमेकांना केवळ कोपऱ्यांत भेटतात. असा कोपरा ओलांडण्याबाबत वायोमिंगमधील एका खटल्यात दहाव्या सर्किटच्या फेडरल अपील न्यायालयाने २०२५ मध्ये शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. मात्र तो त्या न्यायालयाच्या कक्षेतील सहा राज्यांपुरताच बंधनकारक आहे. इतरत्र राज्याच्या वन्यजीव विभागाकडे आधी चौकशी करावी.

नकाशा अर्धवट वाचणे

अनोळखी भागात पहिले काम वगळण्याचे असते. घरी बसून नकाशावर निम्म्याहून अधिक जमीन बाजूला काढता आली, तर उरलेल्या जमिनीवर चालण्यात अर्थ आहे. यूएसजीएस या अमेरिकी भूसर्वेक्षण संस्थेच्या १:२४,००० प्रमाणाच्या नकाशात एक इंच म्हणजे २,००० फूट, त्यामुळे डोंगराची धार, दोन उंचवट्यांमधील खिंड, खाली उतरणारी सोंड आणि ओढ्याची घळ हे सगळे समोच्च रेषांवरून ओळखता येते. खिंड शोधावी, कारण धार ओलांडताना हरीण कमी चढाची जागा पसंत करते. चिंचोळा झाडोराही शोधावा, कारण दोन मोकळ्या जागांमधून जाताना ते आडोसा सोडत नाही.

पण याच नकाशाची एक मर्यादा विसरली जाते. समोच्च रेषा २० फुटांच्या अंतराने काढल्या असतील, तर पंधरा फूट उंचीचा बांध किंवा उताराच्या मध्यावरील अरुंद सपाटी नकाशावर दिसेलच असे नाही, आणि हरणाची वाट तर नेमकी त्या सपाटीवरून जात असते. उपग्रहाच्या चित्राबाबतही हेच म्हणता येईल. ते कोणत्या वर्षीचे आणि कोणत्या ऋतूतील आहे, हे आधी पाहावे. चित्रात मोकळा दिसणारा, नुकतीच तोड झालेला पट्टा पाच-सहा वर्षांनी कोवळ्या फांद्यांचा आणि दाट आडोशाचा झालेला असतो, आणि मक्याचे जे शेत हिरवेगार दिसते, त्याची कापणी शिकारीच्या दिवसांपूर्वीच उरकलेली असू शकते.

खुणेचे वय न पाहणे

हरीण मुख्यत्वे पहाटे आणि संध्याकाळी फिरते, रात्रीही चरते आणि रवंथ करणारे असल्याने मधल्या वेळात आडोशाला बसते. त्यामुळे जंगलात दिसणाऱ्या खुणांपैकी बराच भाग अंधारात उमटलेला असतो, आणि कायदेशीर वेळेत शिकार करणाऱ्याला त्याचा थेट उपयोग नसतो. शेताच्या कडेला खुरांनी तुडवलेली रुंद वाट पाहून तेथेच मचाण बांधण्याचा मोह होतो, पण अशा वाटेवर मोठा नर दिवसाउजेडी क्वचितच येतो. त्याच वाटेला समांतर, आत झाडीतून आणि वाऱ्याखालच्या बाजूने जाणारी पुसट वाट पुष्कळदा अधिक कामाची ठरते.

नराने शिंगे घासलेले खोड सापडले की ओलावा पाहावा. ताज्या घासणीत साल ओलसर, चिरफाळलेली असते आणि खाली तिचे तुकडे पडलेले असतात. मागच्या वर्षीची घासणी करडी पडून तिच्या कडा बुजू लागलेल्या असतात. खोडाच्या कोणत्या बाजूला घासले आहे, यावरून नर कोणत्या दिशेने आला याचा अंदाज बांधता येतो. एका खोडावरून मात्र काहीच ठरवू नये, तशा खोडांची ओळ लागली तरच ती वाट समजावी. माजाच्या काळात नर पुढच्या खुरांनी पालापाचोळा सारून माती उघडी करतो आणि वरची फांदी चघळून तिला डोळ्यांजवळच्या ग्रंथींचा गंध लावतो. शिकारी अशा जागेला ‘स्क्रेप’ म्हणतात आणि तिच्यावर नको तितका विश्वास टाकतात, पण तेथील बहुतेक फेऱ्या रात्रीच्या असतात.

खुरांच्या ठशांचे वय ठरवण्यासाठी शेवटचा पाऊस केव्हा पडला, याची नोंद ठेवण्याइतका सोपा उपाय नाही. ठशाच्या आत थेंबांचे खळगे असतील, तर तो पावसाआधीचा, आणि कडा धारदार असतील, तर नंतरचा. लेंड्या ताज्या असताना गडद आणि चकचकीत असतात, पण उन्हात एका दिवसातही त्या सुकून जुन्या दिसू शकतात, म्हणून एक लेंडी फोडून आत ओल आहे का, तेही पाहावे.

बसण्याच्या जागा म्हणजे पानांत दबलेले लंबगोल खळगे. लहान-मोठे तीन-चार खळगे जवळजवळ असतील, तर मादी आणि पाडसे, आणि उताराच्या वरच्या एक-तृतीयांश भागात, वाऱ्याच्या आडोशाला, खाली नजर पोहोचेल अशा जागी एकच मोठा खळगा असेल, तर बहुधा नर. अनोळखी भागात मी सर्वाधिक महत्त्व याच खुणेला देईन, कारण दिवसाउजेडी हरीण नक्की कोठे असते, हे ती एकटीच सांगते.

अन्नाचे वेळापत्रक विसरणे

सप्टेंबरमध्ये संध्याकाळी शेतात नियमित दिसणारी हरणे ऑक्टोबरमध्ये एकाएकी गायब होतात. याला शिकाऱ्यांची वर्दळ कारण असू शकते, पण त्याआधी ओकची झाडे पाहावीत. व्हाइट ओकची फळे एका हंगामात पिकतात आणि त्यांत टॅनिन कमी असल्याने हरणे ती आधी खातात. रेड ओकच्या फळांना दोन हंगाम लागतात, ती अधिक तुरट असतात आणि हिवाळ्यापर्यंत टिकतात. गोलसर पाळ्यांची पाने व्हाइट ओकची आणि टोकदार पाळ्यांची रेड ओकची, एवढी ओळख असली तरी कोणत्या महिन्यात कोणत्या उतारावर जावे, हे ठरवता येते.

वारा फक्त हवामानाच्या अंदाजात पाहणे

हवामान खात्याने पश्चिमेचा वारा सांगितला, म्हणून घळीतही तो पश्चिमेकडूनच वाहील असे नाही. ऊन चढू लागले की उतारावरील हवा तापून वर जाते, आणि संध्याकाळी थंड हवा जड होऊन घळीत उतरते. म्हणूनच सकाळी दहा वाजता निर्धोक असलेली जागा संध्याकाळी पाचला माणसाचा वास थेट हरणांच्या बसण्याच्या जागेकडे पोहोचवते. पाहणीच्या वेळीच मिल्कवीड या रुईसारख्या झुडपाच्या शेंगेतील तंतू एकेक करून सोडावेत आणि ते कोठवर तरंगत जातात, हे दोन्ही वेळांना पाहावे. वारा पाहण्यासाठी उडवलेली पावडर जवळची हवा दाखवते, तर हे तंतू पन्नास पावलांपलीकडची हवा कशी वळते, तेही दाखवतात.

चुकीच्या वेळी फार चालणे

हंगामाच्या आदल्या आठवड्यात संपूर्ण भाग पिंजून काढणे ही उत्साही माणसाची चूक आहे. हरीण सहसा आपला टापू सोडून जात नाही, मात्र उठवले गेले की दिवसा हलणे कमी करते. तपशीलवार फिरण्याचा काळ म्हणजे हंगाम संपल्यानंतरचे फेब्रुवारी-मार्च महिने. तेव्हा पाने गळालेली असतात, मागच्या पानगळीतील वाटा आणि घासण्या स्पष्ट दिसतात आणि हरणे उठली तरी बिघडत नाही. गळालेली शिंगे उचलण्याबाबत काही पश्चिमी राज्यांत तारखांचे बंधन आहे, ते पाळावे. उन्हाळ्याच्या अखेरीस जायचेच असेल, तर दुरून दुर्बिणीने पाहावे. ट्रेल कॅमेरे, म्हणजे जनावर समोर आले की आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे, लावण्यापूर्वी त्या राज्याचा नियम वाचावा. ॲरिझोनात शिकारीसाठी ट्रेल कॅमेरे वापरण्यास १ जानेवारी २०२२ पासून बंदी आहे.

फिरताना माणसांचाही माग काढावा. गाड्या थांबण्याच्या जागा, झाडांना बांधलेल्या रंगीत फिती आणि जुनी मचाणे नकाशावर नोंदली की लोक कोठून शिरतात आणि हरणे कोठे सरकत असतील, हे कळू लागते. दूरवर जाणे हा एकच उपाय नव्हे. रस्त्यालगतचा दलदलीचा पट्टा किंवा गाडीतळामागचा तीव्र उतार सगळे जण ओलांडून पुढे जातात, आणि म्हणूनच तेथे शांतता असते.

तरीही हरीण दिसत नसेल तर

खुणा ताज्या असून उजेडात काहीच येत नसेल, तर तुम्ही अन्नाच्या फार जवळ बसला आहात. त्याच वाटेने बसण्याच्या जागांच्या दिशेने शे-दोनशे मीटर मागे सरकावे. हरणे येतात पण फुरफुरून पळतात, असे वारंवार घडत असेल, तर जागेपेक्षा तुमची येण्याची वाट तपासावी, कारण पहाटे अंधारात तुम्ही चरणाऱ्या कळपातूनच चालत गेलेले असता. केवळ माद्या दिसत असतील आणि नोव्हेंबरचा मध्य जवळ असेल, तर उत्तरेकडील राज्यांत जागा बदलण्याची घाई करू नये, कारण माजावर आलेला नर त्यांच्या मागेच येतो.

शेवटी, पडलेले जनावर बाहेर कसे काढणार, याचा विचार पाहणीतच करावा. दोन घळी ओलांडून ६० किलोंचे हरीण ओढत आणणे एकट्याचे काम नाही. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज या हरणांच्या संसर्गजन्य मेंदूविकाराच्या नियंत्रणासाठी अनेक राज्यांनी मेंदू आणि पाठीचा कणा असलेल्या धडाच्या ने-आणीवर निर्बंध घातले आहेत, म्हणून मांस जागीच सोडवून घेण्याची तयारी, सुऱ्या आणि पिशव्या यांसह, सोबत असावी.