पिन कोडचे अवयव पाडायचे कसे: सांगली, सातारा, मिरज

सहा अंकी संख्या समोर आली की लगेच २, ३, ५, ७ ने भाग द्यायला बसू नका. आधी तिची ठेवण बघा. निम्मं काम तिथेच होतं.

सांगलीचा पिन ४१६४१६. तेच तीन अंक ओळीने दोनदा आलेत, म्हणजे ही संख्या ४१६ × १००१. आणि १००१ = ७ × ११ × १३, हे पाठच करून ठेवा. ४१६ म्हणजे २⁵ × १३. सगळं मिळून २⁵ × ७ × ११ × १३². आता विभाजक किती, हे मोजताना चूक होते ती हमखास १३ पाशी. एक १३ हा ४१६ मधून येतो, दुसरा १००१ मधून. दोन्ही सुटे धरले तर विभाजक ९६ निघतात. सारखे अवयव आधी एका घातांकात घ्या, मग प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार करा: ६ × २ × २ × ३ = ७२. हे उत्तर बरोबर.

२, ७ आणि ११ चे घातांक विषम आहेत, म्हणून ही संख्या पूर्ण वर्ग नाही. कमीत कमी कितीने गुणलं तर होईल? २ × ७ × ११, म्हणजे १५४ ने. गुणाकार ६,४१,२८,०६४ आणि त्याचं वर्गमूळ नेमकं ८००८! करून बघाच.

साताऱ्याचा ४१५००१ वरवर दाद देत नाही. भाग देत गेलात तर थेट ६१३ पाशी, म्हणजे ११२ व्या मूळ संख्येपाशी, पहिल्यांदा निःशेष भाग जातो. इथे १७ व्या शतकातला फ्रेंच गणिती फर्मा याची रीत वापरा: संख्येहून मोठा असा वर्ग शोधायचा की त्यातून ती संख्या वजा केल्यावर उरतो तोही वर्गच. मग a² − b² = (a − b) × (a + b) या सूत्राने अवयव मिळतात. वर्गमूळ ६४४ च्या थोडं वर आहे, म्हणून ६४५ पासून सुरुवात करा. ६४४ घेतलात तर वजाबाकी ऋण येईल. ६४५² = ४१६०२५. त्यातून ४१५००१ वजा केले की उरतात १०२४, म्हणजेच ३२². झालं: (६४५ − ३२) × (६४५ + ३२) = ६१३ × ६७७. दोन्ही मूळ संख्या.

पहिल्या फटक्यात वर्ग आला नाही तर पुढचा वर्ग नव्याने काढू नका. आधीच्या वजाबाकीत २ × ६४५ + १, म्हणजे १२९१ मिळवा. एककस्थानी २, ३, ७ किंवा ८ आला तर ती वजाबाकी सोडून द्या, तो वर्ग असूच शकत नाही.

ही रीत चालते ती दोन अवयव जवळजवळ असले तरच. मिरजेचा ४१६४१० घ्या. १० बाजूला काढले की ४१६४१ उरतात. २०५ पासून वजाबाक्या येतात ३८४, ७९५, १२०८. एकही वर्ग नाही, आणि पुढे कितीतरी वेळ मिळणारही नाही. पाच-दहा वेळा जमलं नाही की थांबा आणि भागाकाराकडे वळा. ४१६४१ चं वर्गमूळ २०४ च्या किंचित वर, म्हणून १९९ पर्यंतच्या ४६ मूळ संख्या तपासल्या की पुरे. निम्म्यापर्यंत जायची गरज नाही. एकीनेही भाग जात नाही. ४१६४१ मूळच आहे.