नवा हॅम (हौशी रेडिओ) परवाना मिळालाय? नेटवर येताना या चुका टाळा

व्हीयू३ने सुरू होणारं कॉल साइन, म्हणजे आपल्या स्टेशनची ओळख, हातात पडलं की पहिली ओढ असते ती नेटवर, म्हणजे रेडिओवर ठरल्या वेळी एकाच फ्रिक्वेन्सीवर भरणाऱ्या हॅम मंडळींच्या बैठकीत, हजेरी लावायची. ती जरूर लावा, शिकायला नेटइतकी चांगली जागा नाही. पण धुळे, जळगाव, नंदुरबारकडचे बरेच नवे हॅम दोन-तीनदा हाक मारतात, उत्तर आलं नाही की सेट बंद करतात आणि पुन्हा फिरकत नाहीत. बहुतेक वेळा सेट धडधाकट असतो. चूक असते वेळेची, अँटेनाची किंवा घाईची.

चुकीच्या वेळी चुकीचा बँड

ही चूक सगळ्यात जास्त होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. ४० मीटर बँड, म्हणजे आपल्याकडे ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ, दिवसभर सारखा वागत नाही. भर दुपारी आयनोस्फिअरचा, म्हणजे वातावरणातल्या उंचावरच्या विद्युतभारित पट्ट्याचा, सगळ्यात खालचा डी थर या लहरी शोषतो आणि सगळंच मंद होतं. रात्री उशिरा उलटा प्रकार होतो. लहरी लांब उडी मारतात, कोलकात्याचं स्टेशन स्वच्छ येतं आणि पुण्याचं गायब होतं. जळगावात बसून पुणं ऐकू येत नाही म्हणून लोक अँटेना उतरवून तपासत बसतात. अँटेना ठीक असते, पुणं त्या वेळी उडीच्या आत राहिलेलं असतं. सूर्य उगवल्यानंतरचे दोन-तीन तास आणि संध्याकाळ या काही शे किलोमीटरसाठी भरवशाच्या वेळा आहेत. हैदराबादची चारमिनार नेट ४० मीटरवर सकाळी भरते, त्यामागे हेही कारण आहे.

डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेली दोन हातांची तारेची अँटेना, फार उंच हवा, हाही गैरसमजच. जवळच्या स्टेशनांसाठी लहरी वर जाऊन खाली याव्या लागतात, त्यामुळे सात-आठ मीटर उंचीवरची तारही छान चालते. एकूण लांबी साधारण २० मीटर, दोन्ही बाजूंना दहा-दहा. आणि या बँडवर आवाजासाठी सेटवर एलएसबी (लोअर साइडबँड) निवडा. यूएसबीवर (अपर साइडबँड) राहिलात तर समोरच्याला नुसती बडबड ऐकू येईल.

२ मीटर बँडचं गणित निराळं. इथे लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची रांग, मधे तापीचं खोरं. चाळीसगावात रांगेच्या पायथ्याशी बसून पलीकडचा रिपीटर, म्हणजे आलेला आवाज पुढे फेकणारं उंचावरचं स्टेशन, हँडीच्या (हातातल्या सेटच्या) रबरी अँटेनावर उघडेल, ही आशा सोडा. गच्चीवर उभी अँटेना लावा आणि केबल आखूड ठेवा. २० मीटर आरजी-५८ ही बारीक केबल घातलीत तर निम्म्याहून जास्त शक्ती वाटेतच जाते. रिपीटर ऐकू येतो पण उघडत नाही, असं असेल तर आधी ऑफसेट (ऐकायच्या आणि बोलायच्या फ्रिक्वेन्सीतला फरक) आणि टोन (रिपीटर उघडायला आवाजाबरोबर जाणारा ठरावीक सूर) तपासा. २ मीटरवर ऑफसेट सहसा उणे ६०० किलोहर्ट्झ असतो, टोन त्या रिपीटरच्या लोकांना विचारावा.

नेट म्हणजे मोकळा बँड नव्हे

नेटवर सीक्यू, म्हणजे 'कुणीही उत्तर द्या' अशी हाक, मारू नका. तिथे नेट कंट्रोल, म्हणजे नेट चालवणारं स्टेशन, असतो आणि क्रम तो ठरवतो. आधी दहा मिनिटं नुसतं ऐका, बाकीचे कसे येतात ते कळेल. त्याने नव्या स्टेशनांना बोलावलं की आपलं कॉल साइन एकदा सांगा आणि थांबा. पीटीटी (बोलायचं बटण) दाबल्यावर क्षणभर थांबूनच बोला, नाहीतर पहिलं अक्षर कापलं जातं. अक्षरं ठरलेल्या फोनेटिकमध्येच, म्हणजे प्रत्येक अक्षरासाठी नेमलेल्या शब्दातच, सांगा. 'बी फॉर बनाना' आपल्या जळगावी कानाला गोड वाटेल, पण गोंगाटात ब्राव्होच पोचतो. गाव सांगताना जिल्हाही सांगा. शिरपूर, जिल्हा धुळे असं.

उत्तर आलं नाही तर सलग हाका मारू नका. कदाचित दुसरं एखादं स्टेशन तुम्हाला ऐकत असेल आणि रिले द्यायला, म्हणजे तुमचा निरोप पुढे पोचवायला, थांबलेलं असेल, त्याला जागा द्या. रिपोर्ट, म्हणजे समोरचा कसा ऐकू येतोय त्याचा आकडा, मागितला तर खरा द्या. शब्द अर्धेच कळत असताना सगळ्यांना 'फाइव्ह नाइन', म्हणजे अगदी स्वच्छ आणि जोरात, असा रिपोर्ट वाटणं मला मनापासून खटकतं, कारण त्याच आकड्यावरून समोरचा आपली अँटेना सुधारणार असतो. निघताना नेट कंट्रोलला सांगून निघा आणि लॉगमध्ये नोंद करा.

खरखर कुठून येते?

सेट १२ व्होल्टच्या बॅटरीवर लावा आणि घराची मेन बंद करा. खरखर थांबली तर दोषी घरातच आहे: एलईडी दिवा, चार्जर, इन्व्हर्टर. थांबली नाही तर शेजारच्या मळ्यातल्या सौर पंपाचा कंट्रोलर पाहा, दिवस मावळल्यावर आवाज जातो का ते बघा. मे-जूनच्या वळवाच्या दिवसांतली कडकड मात्र ढगांची. वीज चमकायच्या आधीच केबल काढून ठेवा, मग नेट कितीही रंगात असो.

आणि कुणी 'इमर्जन्सी' म्हणालं तर बोट पीटीटीवरून काढा. ते स्टेशन तुम्हाला स्पष्ट येतंय आणि नेट कंट्रोलला येत नाही, असं दिसलं तरच 'रिले' म्हणून पुढे या आणि ऐकलं तेवढंच, त्याच शब्दांत पोचवा.