सिंगलची चार्टवरील कामगिरी नोंदवावी कशी

एखादे गाणे ‘चार्टवर 9 व्या क्रमांकावर होते’ एवढेच लिहिले, तर वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. चार्ट (गाण्यांची साप्ताहिक क्रमवारी) कोणत्या देशाचा, कोणत्या आठवड्याचा आणि त्यात नेमके काय मोजले जात होते, हे ठरल्याशिवाय आकडा लिहूच नये. क्वीन या बँडचे ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ यासाठी उत्तम उदाहरण आहे, कारण त्याच्या नोंदीत 9 हा आकडा दोनदा येतो आणि दोन्ही वेळा त्याचा अर्थ निराळा असतो.

सुरुवात सिंगलच्या, म्हणजे एका मुख्य गाण्यासाठी काढलेल्या छोट्या तबकडीच्या, लेबलपासून करावी. ब्रिटनमधील मूळ प्रतीवर ईएमआय या कंपनीचा 2375 हा क्रमांक असून रचनाकार म्हणून बँडचे गायक मर्क्युरी यांचे नाव आहे. तबकडी उलटून पाहण्यास विसरू नये. मागच्या बाजूला बँडचे ड्रमवादक रॉजर टेलर यांचे ‘आय ॲम इन लव्ह विथ माय कार’ आहे, आणि तबकडीच्या विक्रीचे मानधन दोन्ही बाजूंच्या रचनाकारांना सारखेच मिळत असल्याने ही नोंद महत्त्वाची ठरते.

त्यानंतर तारखा लिहाव्यात. हे सिंगल 31 ऑक्टोबर 1975 रोजी आले, 29 नोव्हेंबरच्या ब्रिटिश चार्टमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले आणि तेथे सलग 9 आठवडे राहिले. जानेवारी 1976 च्या अखेरीस त्याला खाली खेचले ते ॲबा या स्वीडिश बँडच्या ‘मामा मिया’ने, हेच शब्द या गाण्यातही येतात, हा योगायोग नोंदीत जरूर असावा. अमेरिकेत मात्र 1976 मध्ये बिलबोर्ड हॉट 100 या तेथील मुख्य चार्टवर ते 9 व्या क्रमांकापर्यंतच चढले. म्हणजे एका ठिकाणी 9 हे आठवडे आहेत, दुसऱ्या ठिकाणी तो सर्वोच्च क्रमांक आहे.

मोजण्याची रीत तर आवर्जून लिहावी. तेव्हाचा ब्रिटिश चार्ट निवडक दुकानांनी भरून पाठवलेल्या विक्रीच्या नोंदवह्यांवर आधारलेला होता, तर हॉट 100 मध्ये विक्रीबरोबर रेडिओवरील प्रसारणही धरले जाई. पुढे नोव्हेंबर 1991 मध्ये हॉट 100 ची पद्धतच बदलली आणि दुकानांच्या सांगण्याऐवजी बारकोडवरून विक्री मोजली जाऊ लागली. ‘वेन्स वर्ल्ड’ चित्रपटामुळे 1992 मध्ये हे गाणे तेथे 2 ऱ्या क्रमांकावर गेले खरे, पण हा 2 आणि 1976 चा 9 एकाच मापाने मोजलेले नाहीत. त्यांची तुलना करताना हे सांगितलेच पाहिजे.

पुनरागमनाची ओळ स्वतंत्र ठेवावी. फ्रेडी मर्क्युरी यांचे 24 नोव्हेंबर 1991 रोजी निधन झाल्यावर गाणे ब्रिटनमध्ये पुन्हा 5 आठवडे अव्वल राहिले, परंतु ‘दीज आर द डेज ऑफ अवर लाइव्ह्ज’सह निघालेले ते दुहेरी सिंगल, म्हणजे दोन्ही गाणी मुख्य मानलेले, होते. म्हणून ‘एकूण 14 आठवडे’ असे न लिहिता ‘9 आणि 5’ असे लिहावे.

पार्श्वभूमीत गाण्याच्या घडणीशी संबंध असलेलेच घ्यावे: वेल्समधील रॉकफील्ड स्टुडिओ, थरावर थर चढवून ध्वनिमुद्रित केलेले समूहस्वर, आणि जवळपास 6 मिनिटांची लांबी, जी रेडिओसाठी फार मानली जात असतानाही निवेदक केनी एव्हरेट यांनी लंडनच्या कॅपिटल रेडिओवर हे गाणे पुन्हा पुन्हा वाजवले. मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकले, तेथील द हेक्टिक्स या शाळकरी बँडमध्ये ते पियानो वाजवत, हे आपल्याला फार जवळचे वाटते. तरी ते गायकाच्या चरित्रात शोभते, सिंगलच्या नोंदीत त्याला एकच ओळ द्यावी.