पुण्याची कंपनी आपल्या गावात आणायची असेल तर

राईनकाठच्या एका शहरात मी दुभाषी म्हणून बसले होते. नगरपालिकेच्या लोकांनी तासभर स्लाइड दाखवल्या: किल्ला, नदी, सायकलचे रस्ते, विद्यापीठ. चाकणहून आलेले कारखानदार शांतपणे बघत होते. शेवटी त्यांनी एकच प्रश्न विचारला, "माझी कंपनी इथे काढायची ठरवली, तर तिचं बँक खातं किती दिवसांत उघडेल?" खोलीत सात अधिकारी होते. उत्तर एकाकडेही नव्हतं. ती कंपनी त्या शहरात गेली नाही.

मी मूळची चिंचवडची. वडिलांचं भोसरीत लेथ मशीनचं छोटं वर्कशॉप होतं, त्यामुळे जागा बघायला निघालेला माणूस काय बघतो हे मला घरात बसून कळलं. आता बरीच वर्षं जर्मनीत कार्ल्सरुहला राहते आणि इथे येऊ पाहणाऱ्या भारतीय कंपन्यांना मदत करते. युरोपातल्या मध्यम शहरांत राहणाऱ्या मराठी लोकांना आता नगरपालिकेकडून विचारणा होते, "तुमच्याकडच्या कंपन्या इथे कशा आणायच्या?" हे त्यांच्यासाठी लिहिते आहे.

आधी आपल्या शहराचा इतिहास नीट वाचा. कार्ल्सरुह मुळात बाहेरच्या माणसांना बोलावूनच वसलं. 1715 मध्ये बाडेन-डुर्लाखच्या कार्ल विल्हेल्म या संस्थानिकाने जंगलात किल्ला बांधायला घेतला आणि त्याच्यापासून पंख्यासारखे 32 रस्ते काढले. पण रस्त्यांवर राहायला माणसं कुठे होती? त्याच वर्षी त्याने एक सनद काढली: इथे या, घरासाठी जागा फुकट, बांधायला लाकूड देतो, करात सूट देतो, तुमच्या पंथाप्रमाणे उपासना करा. किल्ला किती देखणा होणार आहे, हे सांगून तो थांबला नाही. येणाऱ्याला रात्री झोप लागू न देणारे प्रश्न त्याने आधी हेरले आणि त्यांची उत्तरं लिहून दिली. मी प्रत्येक नगरपालिकेला हेच सांगते, की माहितीपत्रक छापण्याआधी अशी सनद लिहा.

आजच्या सनदेत काय असावं?

पहिल्या पानावर कर. जर्मनीत व्यवसाय कर (गेवेर्बेश्टॉयर) शहराच्या तिजोरीत येतो आणि त्याचा दर शहर स्वतः ठरवतं, हे पुण्यातल्या बहुतेकांना माहीत नसतं. हिशोब उदाहरण देऊन मांडा. समजा कंपनीचा करपात्र नफा 1 लाख युरो आहे. त्याचे साडेतीन टक्के म्हणजे 3,500 युरो. शहराने ठरवलेला दर, म्हणजे गुणक, 400 टक्के असेल तर त्याच्या चौपट, म्हणजे 14,000 युरो कर. केंद्राचा कंपनी कर याशिवाय. हे गणित एका ओळीत दिसलं की समोरच्याचा सीए तुमच्यावर विश्वास ठेवायला लागतो.

लगेच सवलतींबद्दल बोला, आणि स्पष्ट बोला. महाराष्ट्रातल्या उद्योजकाला एमआयडीसीचा भूखंड आणि सामूहिक प्रोत्साहन योजना यांची सवय असते. "आम्हाला काय देणार?" हा त्याचा प्रश्न रास्तच असतो. युरोपीय संघाच्या नियमांमुळे शहराला मनात आलं म्हणून एखाद्या कंपनीचा कर माफ करता येत नाही. सरकारी मदतीवर संघाच्या करारातल्या कलम 107 ची बंधनं आहेत. लहान मदतीला मुभा आहे, पण तीन वर्षांत मिळून 3 लाख युरोपर्यंतच. हे पहिल्या भेटीत सांगायला अधिकारी कचरतात, पाहुणा नाराज होईल अशी त्यांना भीती वाटते. माझा अनुभव उलटा आहे. आधी गोलमोल बोलून चौथ्या बैठकीत "नाही" म्हटलं की माणूस दुखावतो आणि पुण्यात परत जाऊन दहा जणांना सांगतो.

मग कंपनीची नोंदणी. जीएमबीएच म्हणजे आपल्याकडच्या प्रायव्हेट लिमिटेडसारखी कंपनी. तिला किमान 25,000 युरो भांडवल लागतं. रोख भांडवल असेल तर नोंदणीच्या अर्जाआधी निदान 12,500 युरो भरावे लागतात. स्थापनेचं काम नोटरीपुढे होतं. हा नोटरी आपल्या कोर्टाबाहेरच्या नोटरीसारखा नव्हे. तो मोठा कायदेतज्ज्ञ असतो आणि सगळा दस्त मोठ्याने वाचून दाखवतो. पाहुण्याला याची आधी कल्पना द्या. आणि खरी गाठ इथे आहे: पैसे भरायला खातं हवं, आणि मालक भारतात असला की बँका सावध होतात. ओळखपत्रं, मूळ कंपनीचे कागद, शेवटी मालकी कोणाची याचा पुरावा. चाकणच्या त्या गृहस्थांना हेच कोणीतरी आधी सांगून ठेवलं होतं, म्हणून त्यांनी तो प्रश्न विचारला. भारतातल्या कागदांची ग्राह्यता आणि भाषांतर यांबद्दल नोटरीला पहिल्याच दिवशी विचारून घ्या, सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो. नगरपालिकेने करायचं काम एवढंच: शहरातल्या दोन-तीन बँकांच्या शाखाप्रमुखांना भेटून भारतीय मालकीची कंपनी कोण हाताळेल हे ठरवून घ्यायचं, आणि सनदेत त्या व्यक्तीचा थेट संपर्क द्यायचा. दोन सकाळी खर्ची पडतील, पण स्लाइडवर घालवलेल्या महिन्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. कंपनी कागदावर येते, राहायला येतं ते एक कुटुंब. कंपनी आपला अनुभवी माणूस पाठवते तेव्हा आयसीटी कार्डवर (कंपनीअंतर्गत बदलीचा परवाना) व्यवस्थापक किंवा तज्ज्ञ तीन वर्षांपर्यंत राहू शकतो. इथे नोकरी देऊन घ्यायचं असेल तर ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी माणसासाठीचा राहण्याचा आणि नोकरीचा परवाना. दोन्हींत जोडीदाराला नोकरी करता येते, आणि हे वाक्य सनदेत ठळक लिहा. पुण्यातल्या इंजिनिअरची बायको बहुतेक वेळा स्वतः इंजिनिअर, डॉक्टर नाहीतर बँकेत असते. "तू चल, तिथे बघू" एवढ्यावर ती आता निघत नाही, आणि तिने का निघावं?

एका कंपनीचा निर्णय मी डोळ्यांसमोर होताना पाहिला. साहेब दोनदा येऊन गेले होते, जागा पसंत होती, तरी "कळवतो" यापुढे गाडी जात नव्हती. मी नगरपालिकेला सुचवलं, पुढच्या वेळी पत्नीला आणि मुलीलाही बोलवा. त्या आल्या. आम्ही कचेरीत गेलोच नाही. आधी युरोपियन स्कूल पाहिलं. ही शाळा इथे 1962 पासून आहे. मग बालरोगतज्ज्ञाचा दवाखाना, मग ट्राम. इथली ट्राम 1992 पासून रेल्वेच्या रुळांवरूनही धावते, त्यामुळे आजूबाजूच्या गावांतून गाडी न बदलता शहरात येता येतं. मुलगी दहावीची होती. एकटीने ट्रामने संध्याकाळी क्लासला जाता येईल का, एवढंच आईने विचारलं. आम्ही तिघी संध्याकाळी सातला त्याच मार्गाने जाऊन आलो. पुढच्या आठवड्यात साहेबांचा होकार आला.

शहराची ओळख सांगताना "युरोपच्या मध्यभागी" वगैरे टाळा, प्रत्येक शहर तेच म्हणतं. तुमच्याकडे येणाऱ्याच्या धंद्याशी जुळणारी एक गोष्ट निवडा. सॉफ्टवेअरवाल्यांना मी सांगते की जर्मनीतला पहिला ई-मेल 1984 च्या ऑगस्टमध्ये कार्ल्सरुहच्या विद्यापीठात पोचला, आणि इथल्या आयटी उद्योजकांचं सायबरफोरम 1997 पासून चालू आहे. वाहन उद्योगातल्या माणसाला सांगते, कार्ल बेन्झ इथलाच. नुसता इतिहास सांगून मात्र सोडू नका. केआयटीच्या (कार्ल्सरुहचं तंत्रज्ञान विद्यापीठ) प्रयोगशाळेत त्याच्या विषयावर काम करणाऱ्या प्राध्यापकाशी अर्ध्या तासाची भेट ठरवा.

पाहुणे शोधायचे कुठे? मोठ्या नावांमागे धावू नका, त्यांच्या दारात अख्खं युरोप उभं आहे. तीनशे-चारशे कामगारांची, जर्मन गिऱ्हाईक आधीच असलेली भोसरी-चाकणची कंपनी शोधा. तिला गिऱ्हाइकाजवळ दुरुस्ती, सुटे भाग किंवा डिझाइनचं छोटं ऑफिस हवंच असतं. पाच माणसांनी सुरुवात होईल. नगरपालिकेला पाच हा आकडा छोटा वाटतो, त्यांना समजावून सांगा. पुण्यात मराठा चेंबर आणि इंडो-जर्मन चेंबर दोन्हींकडे जा. बाडेन-व्युर्टेम्बर्ग आणि महाराष्ट्र यांची भागीदारी 2015 पासून आहे, कार्ल्सरुहने तर पुण्यात कार्यालयही उघडलं. तुमच्या शहराचा असा करार नसेल तरी अडत नाही. सहा महिन्यांनी एकदा तोच अधिकारी पुण्यात दिसला पाहिजे. दरवेळी नवा चेहरा पाठवला तर ओळख पुन्हा शून्यापासून.

वेळ सांभाळा. मार्चमध्ये भारतात वर्षअखेर असते, कोणी निर्णय घेत नाही. दिवाळीचा आठवडा सोडा. ऑगस्टमध्ये इथले अधिकारी सुटीवर असतात, आणि नेमका तेव्हाच पुण्याचा ई-मेल येऊन तीन आठवडे पडून राहतो. त्या काळात उत्तर देणारा माणूस आधी नेमा. फोन इथल्या सकाळी करा. उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक, हिवाळ्यात साडेचार. तुमचे दुपारचे दोन वाजतात तेव्हा हिवाळ्यात तिकडे साडेसहा झालेले असतात, आणि माणूस चाकणच्या ट्रॅफिकमध्ये असतो.

करार झाल्यावर फाइल बंद करू नका. ऑफिस सुरू झाल्यावर तिसऱ्या महिन्यात आणि सहाव्या महिन्यात जाऊन बसा, चहा घ्या, काय अडलंय विचारा. परवा अशाच एका ऑफिसात गेले होते. अडचण एवढीच होती, की नव्या इंजिनिअरला घर मिळत नव्हतं. घरमालकाला आधीच्या घरमालकाचं पत्र हवं होतं, आणि हा मुलगा कोथरूडला आई-वडिलांच्या घरातून थेट इथे आलेला. नगरपालिकेच्या बाईंनी तिथूनच घरमालकाला फोन लावला आणि हे समजावून सांगितलं. निघताना साहेब म्हणाले, "रांजणगावला माझा एक मित्र आहे, त्यालाही जर्मनीत जागा बघायची आहे. तुमचा नंबर देऊ का?"