गोष्टीतला इतिहास कसा तपासायचा: वाचनगटासाठी एक कृती

रविवारी सकाळी सिंहगडावर पिठलं-भाकरी खाणाऱ्या कुणालाही विचारा, तानाजी कडा कसा चढला? घोरपडीला दोर बांधून. गडाचं नाव सिंहगड का पडलं? तानाजी पडला म्हणून. दोन्ही उत्तरं न अडखळता येतात आणि दोन्ही कागदांपेक्षा गोष्टींतून जास्त आलेली आहेत. गोष्ट डोक्यात शिरते तेव्हा तिच्यावर 'कल्पित' अशी चिठ्ठी नसते. काही आठवड्यांनी मजकूर लक्षात राहतो, तो कुठे वाचला ते विसरतं.

यावर अमेरिकेत एक प्रयोग झाला, तो २००९ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना इतिहासाचा उतारा वाचायला दिला आणि त्याच विषयावरच्या चित्रपटातला तुकडा दाखवला. उतारा आणि चित्रपट जुळत होते तिथे स्मरण सुधारलं. चित्रपटाने उताऱ्याच्या विरुद्ध काही दाखवलं होतं, तिथे मात्र बऱ्याच जणांनी नंतर चित्रपटातलंच खरं म्हणून लिहिलं. 'चित्रपटात चुका असतात, जपून' या मोघम सूचनेचा फारसा उपयोग झाला नाही. 'अमुक ठिकाणी अमुक गोष्ट चुकीची आहे' अशी नेमकी सूचना दिल्यावर फरक पडला. खालची कृती याच निष्कर्षावर बेतलेली आहे. सुरुवातीच्या पाटीवरच्या 'सर्व पात्रे काल्पनिक' या ओळीवर विसंबू नका.

तयारी

सहा ते आठ माणसं, प्रत्येकी दीड तासाच्या दोन बैठका, मध्ये एक आठवडा. अख्खी कादंबरी घेऊ नका, पंधरा-वीस पानांचं एक प्रकरण किंवा नाटकातला एक प्रवेश पुरे. पुस्तक ग्रंथालयाचं असेल तर त्यात पेन्सिल लावू नका, झेरॉक्स काढा. (ग्रंथपालांशी वैर घेऊन वाचनगट टिकत नाही.)

पहिल्या बैठकीत वाचायला लागण्याआधी दहा मिनिटं प्रत्येकाने त्या प्रसंगाबद्दल आठवेल ते कागदावर लिहायचं. प्रत्येक वाक्यासमोर ते कुठून कळलं हेही लिहायचं: शाळेचं पुस्तक, सिनेमा, आजी, गडावरचा वाटाड्या. 'आठवत नाही' असं लिहायला लाजू नका, तीच वाक्यं पुढे कामाला येतात. मग प्रकरण एका बैठकीत, न थांबता, मोठ्याने वाचा. इथे चिकित्सा करायची नाही. गोष्टीने तुम्हाला ओढलंच नाही तर ती काय करते ते दिसणार कसं?

घरी दुसरं वाचन पेन्सिल घेऊन. समासात चारपैकी एक खूण करा. 'न' म्हणजे नोंद: तारीख, ठिकाण, माणसाचं नाव, ज्याला कागद मिळू शकतो. 'त' म्हणजे तर्क: लेखकाने नोंदींमधली जागा भरलेली. 'क' म्हणजे कल्पना. ठरवता येत नसेल तर प्रश्नचिन्ह. संवाद आणि मनातले विचार डोळे मिटून 'क' करा. शेवटच्या श्वासाआधी कोण काय बोललं हे लिहून घेणारा कारकून रणात नव्हता. नवशिके चुकतात ते उलट बाजूला: कादंबरीत पोशाख, दागिने, पदार्थ यांचं बारीक वर्णन आलं की ते आपोआप 'न' धरतात. तपशिलाची दाटी म्हणजे पुरावा नव्हे.

सिंहगडाचं उदाहरण

दुसऱ्या बैठकीत 'न' आणि प्रश्नचिन्हाची वाक्यं तीन रकान्यांत उतरवा: कोण म्हणतं, घटनेनंतर किती वर्षांनी म्हणतं, त्याला ते कसं कळलं असेल. कोंढाण्याची (हे सिंहगडाचं जुनं नाव) लढाई ४ फेब्रुवारी १६७० ची. सभासदाची बखर, म्हणजे कृष्णाजी अनंत सभासदाने लिहिलेलं शिवचरित्र, १६९० च्या दशकात जिंजीला लिहिलेली, म्हणजे घटनेनंतर पंचविसेक वर्षांनी. तिच्यात निवडक मावळे वानरासारखे कडा चढले आणि माळ (दोराची शिडी) लावून बाकीच्यांना वर घेतलं असं आहे. घोरपड नाही. घोरपड येते ती तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात. पोवाडा उभ्याने म्हणायचा, समोरच्या गर्दीला खिळवून ठेवायचा, त्यात घोरपड शोभून दिसते.

शिवाजीराजांच्या तोंडी सभासद जे घालतो तेही वेगळं आहे: 'एक गड घेतला, परंतु एक गड गेला.' सिंहाचं वाक्य घराघरांत पोचलं ते पुढच्या काळात, हरि नारायण आपटे यांच्या कादंबरीचं शीर्षकच ते होतं. आणि सिंहगड हे नाव १६६३ सालच्या पत्रात आलेलं आहे, म्हणजे लढाईच्या सात वर्षं आधी. नावाची कथा तिथेच संपते.

घोरपडीची मात्र तशी संपत नाही. बखरीत उल्लेख नाही म्हणून घोरपड नव्हतीच असं सिद्ध होत नाही. एवढंच म्हणता येतं की ती कुठल्या साधनात दिसते आणि कुठल्यात नाही. गटातले उत्साही लोक इथे हमखास घसरतात: कालपर्यंत घोरपड खरी होती, आज ते बखर हातात घेऊन 'सगळं खोटं' म्हणतात. बखरही नंतर लिहिलेली, धन्याच्या सांगण्यावरून लिहिलेली. तिलाही तेच तीन रकाने लावा.

साधनं पुण्यातच आहेत. सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून हेच काम करतं. मोडी येत नाही म्हणून अडू नका, छापील खंड पुरतात: शिवकाळासाठी 'शिवकालीन पत्रसारसंग्रह', पेशवाईसाठी गो. स. सरदेसाईंनी संपादित केलेले पेशवे दफ्तराचे ४५ खंड. एका बैठकीत दोन-तीनच वाक्यं तपासा. दहा घेतलीत तर एकही नीट होत नाही.

'खोटं' सापडल्यावर

इथे थांबलात तर वाचनगटाचं पोलीस ठाणं होतं. पुढचा प्रश्न महत्त्वाचा: लेखकाने बदल केला तर कशासाठी? घाशीराम सावळदास १७७७ पासून पुण्याचा कोतवाल होता. ऑगस्ट १७९१ मध्ये कोंडून ठेवलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले आणि चिडलेल्या जमावाने त्याला ठार केलं. एवढं 'न'मध्ये बसतं. विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल' नाटकात कोतवालीसाठी होणारा मुलीचा सौदा कागद हाती येईपर्यंत प्रश्नचिन्हाखाली ठेवा. हे ऐतिहासिक नाटक नाही असं नाटककाराने स्वतः सांगितलं होतं. नाटक पुण्यात रंगमंचावर आलं १६ डिसेंबर १९७२ ला. मग चौथा रकाना आखा: लिहिलं गेलं तेव्हा काय चाललं होतं? सत्ता एखाद्या माणसाला वाढवते, वापरते आणि जमावाच्या हवाली करते, हे १७९१ बद्दलचं विधान आहे की १९७२ बद्दलचं? कल्पित लेखन कथेतल्या काळापेक्षा लेखनाच्या काळाबद्दल जास्त भरवशाची साक्ष देतं, असं आमचं मत.

सामाजिक कादंबरीला तर हा चौथा रकानाच मुख्य. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' १८९० पासून 'करमणूक' मध्ये क्रमशः आली. पुढच्याच वर्षी संमतिवयाचा कायदा होऊन मुलींचं संमतिवय दहावरून बारावर गेलं आणि त्यावरून पुण्यात रणं माजली. कादंबरीची नायिका यमू, तशी कुणी बाई खरोखर होती का हा प्रश्न इथे फजूल आहे. विधवा किती हे खानेसुमारी सांगते. केशवपनाच्या दिवशी घरातली माणसं एकमेकांकडे कशी बघतात हे ती सांगत नाही. अशा वेळी 'क'च्या वाक्यांना वेगळा प्रश्न विचारा: हे त्या काळच्या कुणा बाईच्या आत्मकथनाशी जुळतं का? जुळलं तर कल्पित वाक्यही पुराव्याच्या जवळ जातं.

बिघडतं कुठे

सर्वांत जास्त बिघडतं ते घराण्यावर आणि जातीवर बोलणं गेल्यावर. नियम आधीच सांगून ठेवा: बोट परिच्छेदावर ठेवायचं, समोरच्याच्या आडनावावर नाही. दुसरं, बैठकींमधल्या आठवड्यात त्या विषयावरचा सिनेमा बघू नका. चित्र अक्षराला गिळतं. 'ध'चा 'मा' आणि नारायणरावाचा खून (३० ऑगस्ट १७७३) हा प्रसंग पहिल्याच खेपेला घेऊ नका. प्रत्येकाला तो पाठ असतो आणि वाद बैठकीच्या वेळेत मावत नाही. तिसऱ्या-चौथ्या खेपेला घ्या.

महिन्याभराने, पुस्तक न उघडता, पहिल्या दिवशी लिहिलं तेच पुन्हा लिहून काढा. तपासून खोडलेली दोन-तीन वाक्यं निमूट परत आलेली दिसतील. त्यांच्यासाठी पोस्टकार्डाएवढा कागद घ्या आणि त्यावर नेमकं लिहा: 'पान अमुक, घोरपड: पोवाड्यात आहे, सभासदात नाही.' तो त्याच पानात ठेवून द्या.